एका नंबरने लहान

२४ ऑगस्ट, रविवार

आजपासून मी आमच्या ग्रानट्रेस्क गावच्या शिकारी टोळीचा म्होरक्या. टोळीत आम्ही तेरा जण, बाकीच्या बाराही जणांनी हात वर केले. हाल्वारमामाने एकतीस वर्षं हे काम केलं. आज त्याने वॉकीटॉकीची पेटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "म्होरकेपण सोडतोय, बंदूक नाही. एवर्ट, तेवढं लिहून ठेव." सगळे हसले. मामा शहात्तर वर्षांचा आहे, माझ्या आईचा धाकटा भाऊ. बंदूक खांद्याला कशी लावायची हे मला त्यानेच शिकवलं, माझा बाप तेव्हा घरात असून नसल्यासारखा होता.

टोळीची वही वेगळी आहे, किती एल्क (आमच्या रानातलं घोड्याएवढं हरिण) मारले, कोण कुठल्या ठाण्यावर उभा होता, वगैरे. ही वही माझी. व्हेंडेला म्हणते, "तू दिवसभर बोलतोस त्यातलं थोडं कागदावर उतरव, माझ्या कानांना तेवढाच आराम." बायको चोवीस वर्षं ऐकतेय, तिला तेवढा हक्क आहे.

मला एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे बूट. गावातलं शिकारीच्या सामानाचं दुकान माझं. कुठे उभं राहणार ते सांगा, मी बूट सांगतो. दलदलीत गुडघ्यापर्यंतचा गमबूट, आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, सुकतळा, आणि तो सुकतळा रोज काढून चुलीपाशी वाळवायचा. डोंगरावर दगडात चामड्याचा, कडक तळाचा, टाच गच्च धरणारा. कुत्र्यामागे पळणाऱ्याला हलका, कारण रबरात पाय घामाने भिजतो आणि मग थांबलं की तोच घाम गोठतो. बर्फात नमद्याच्या अस्तराचा. आणि सगळ्यांना एकच सांगणं: पायाच्या नंबरचा बूट घेऊ नका, एक नंबर मोठा घ्या. आत जाड लोकरी मोजा हवा आणि बोटं हलायला हवीत. आवळलेल्या बुटात रक्त फिरत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की पोरं माझी नक्कल करतात.

मामाला टोळीतर्फे निरोपाची भेट द्यायची ठरलं. काय द्यायचं? बूट. निवडणार कोण? हे काय विचारणं झालं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मागवायचेच विसरलो. उद्या समारंभ आणि आज दुपारी आठवलं. आठवडाभर कोण कुठे उभा राहील याचे नकाशे काढत बसलो होतो, म्होरकेपण डोक्यात गेलं दुसरं काय.

जे द्यायचं ठरवलं होतं ते चामड्याचे, आत पाणी न येणारं अस्तर असलेले, दुकानातले सगळ्यात उंची बूट. चव्वेचाळीस नंबर संपलेला. एकच जोडी आहे, त्रेचाळीसची. मामाचा पाय त्रेचाळीस. तो बूट घेतो चव्वेचाळीस. गेली पंधरा वर्षं मीच देतोय, मला नाही तर कुणाला माहीत.

शहरात फोन केला. मंगळवारच्या आत मिळणार नाहीत म्हणाले. मग रिकाम्या हाताने जाऊन सगळ्यांसमोर "विसरलो" म्हणायचं? म्होरक्या होऊन सहा दिवस झालेत. त्रेचाळीसची जोडी कागदात बांधली. चामडं सैल पडतंच थोडं. चव्वेचाळीस आले की गुपचूप बदलून देईन.

३० ऑगस्ट, शनिवार

समारंभ छान झाला. टीरामामीने पाल्ट केले होते, बटाट्याचे उकडलेले गोळे, आत डुकराचं मांस भरलेले, प्रत्येकी चार खाल्ले आणि सगळे सुस्तावले. सिव्हर्टने भाषण केलं. हा आमच्याकडच्या लाकडाच्या गिरणीवर मुकादम आहे, बोलायला उभा राहिला की हजेरी घेतोय असं वाटतं. तरी चांगलं बोलला. मग मामाने कागद फाडला.

सगळ्यांनी हट्टच धरला की आत्ताच घालून दाखव. समारंभाचे पातळ मोजे होते पायात, त्यामुळे बूट बसले. टाळ्या पडल्या. मामाने अंगठ्याने पुढचं टोक दाबून पाहिलं, बुटाची जीभ उलटी करून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. "तूच निवडलेस ना?" म्हणाला. मी हो म्हणालो. "सुंदर आहेत," तो म्हणाला.

त्याला काही कळलेलं दिसलं नाही. चष्म्याशिवाय त्याला जिभेवरचा आकडा कुठला दिसायला.

१ सप्टेंबर, सोमवार

शिकारीचा पहिला दिवस. सगळं गाव रानात, बँकेच्या दारावरसुद्धा पाटी. पहाटे धुकं, दुपारी उन्हाने अंगातली गंजी भिजली. एक वासरू आणि एक मादी. मामा नवे बूट घालून आला होता, कोरड्या टेकाडावर उभा होता. राग्नाने (आमची कुत्रेवाली, तिच्या करड्या कुत्रीसारखं नाक सगळ्या जिल्ह्यात नाही) विचारलं, "काय हाल्वार, मखमलीत चालल्यासारखं वाटतंय का?" तो म्हणाला, "वाटणारच. बारा जणांनी मिळून दिलेत."

बघा, उगाच काळजी करत होतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

मामा दुकानात आला. सुती मोजे मागितले, पातळ, दोन जोड. मी म्हणालो, "मामा, सुती? शिकारीला? मला दुकान बंद करायला लावतोस की काय."

"उकडतं रे," तो म्हणाला.

मग उगाच शेल्फांवरून हात फिरवत उभा राहिला. म्हणाला, "तुझ्याकडे एखाद्याला वस्तू बदलून हवी असली तर देतोस ना तू?"

"मामा, भेट कुणी बदलतं का?" मी हसत म्हणालो. तोंडातून निघून गेलं. दुकानात दुसरी दोन माणसं होती, त्यांच्यासमोर काय बोलणार.

"नाही. नाही बदलत," तो म्हणाला. मोज्यांचे पैसे दिले आणि गेला. माणूस म्हातारा झाला की बडबडतो थोडा.

१३ सप्टेंबर, शनिवार

चव्वेचाळीसची पेटी मंगळवारीच आली होती. आज उघडली. मामासाठीची जोडी बाजूला काढून मागच्या खोलीत ठेवली. फोन हातात घेतला आणि ठेवला. दोन आठवडे झाले भेट देऊन, बूट वापरलेले, त्यांना रानाचा चिखल लागलेला. आता काय सांगू? की मला आधीपासून माहीत होतं?

त्याने एका शब्दाने तक्रार केलेली नाही. चामडं सैल पडलं असेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हे आजच लिहायला हवं, उद्या लिहिलं तर मी त्यात काहीतरी फिरवाफिरव करीन.

सकाळी उणे नऊ. दलदलीवर बर्फाचा पापुद्रा, उत्तरेचा वारा. मामाला मी दलदलीच्या काठचं ठाणं दिलं, कारण तिथून एल्क हमखास जातो आणि मामाचा नेम अजून चुकत नाही. पायात तेच बूट. मी पाहिलं. गमबूट घालून ये असं म्हणणार होतो. म्होरक्याने सगळ्यांसमोर असं म्हणायचं म्हणजे भेट नावडली असं झालं असतं. जमीन गोठलेली आहे, चामडं चालेल, असं मीच मला सांगितलं. पापुद्रा पहिल्या शंभर पावलांतच फुटला असणार. अस्तरात पाणी शिरत नाही हे खरं, पण वरून शिरलं तर बाहेरही पडत नाही.

राग्नाच्या कुत्रीने आठ वाजता एक मोठा नर उठवला. काय जनावर होतं. तो कुत्रीपुढे पळतो, थांबतो, पुन्हा पळतो, आम्ही सगळे ठाण्यांवर श्वास रोखून. दोन तास गेले, तीन गेले. हाका (जनावर ठाण्यांकडे हाकणं) थांबवायला हवा होता, तीन तासांवर या थंडीत माणसं उभी ठेवत नाहीत. पण मला तो नर हवा होता. म्होरक्या म्हणून पहिला मोठा नर, वहीत माझ्या नावावर.

अकराच्या सुमारास वॉकीटॉकीवर मी विचारलं, "हाल्वार, पाय कसे आहेत?" चेष्टेच्या सुरात विचारलं. सगळे ऐकत होते, बूट देणारे सगळेच.

मग मामाचा आवाज, "बूट छान आहेत."

मी आणखी दोन तास हाका चालू ठेवला. म्होरक्याने सांगितल्याशिवाय ठाणं सोडायचं नाही, हा आमचा नियम. सोडलं तर कुणाच्याही बंदुकीसमोर यायचं. मामाने एकतीस वर्षं हा नियम आम्हाला घोकून घेतला, तो कसला सोडतो.

नर निसटला. एक वाजता मी हाका थांबवला. मामा आला नाही. सिव्हर्ट आणि मी गेलो तेव्हा तो झाडाला टेकून उभा होता, बंदूक रिकामी करून ठेवलेली. म्हणाला, "चालता येत नाहीये. गंमत आहे ना." बूट निघेनात. सिव्हर्टने चाकूने नाडी कापली. आत पातळ सुती मोजे होते, भिजलेले. डाव्या पायाची बोटं मेणासारखी पांढरी.

सिव्हर्ट म्हणाला, "हा माणूस सुती मोजे घालून आला? वॉकीटॉकीवर छान आहेत म्हणाला, आपण ऐकलं ना?"

मी म्हणालो, "हो, ऐकलं."

एवढंच बोललो.

१९ ऑक्टोबर, रविवार

हॉस्पिटलात. डॉक्टरीण तरुण आहे, दक्षिणेकडची, हळू बोलते. दोन बोटांचं काय होईल ते दोन-तीन आठवड्यांनी कळेल म्हणाली. या वयात रक्त टोकापर्यंत पोचत नाही. मी मान हलवली. माझ्यासारखा माणूस मान हलवत उभा होता, जणू ही बातमी मला नवीन आहे.

मामाने विचारलं, "नराचं काय झालं?"

"गेला."

"मोठा होता ना?"

"मोठा होता, मामा."

"होईल परत," तो म्हणाला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

टीरामामीकडे गेलो. नेहमी ती कॉफीत चीजचे तुकडे घालून देते, लहानपणापासून. आज नुसती कॉफी. दमली असेल बिचारी, रोज हॉस्पिटलच्या फेऱ्या.

बूट पिशवीत घालून दारापाशी ठेवले होते. "हे घेऊन जा," म्हणाली. "मला घरात नकोत."

"मामी, वाळवून ठेवतो. मामा बरा झाला की..."

"जाड मोजे त्यात कधी गेलेच नाहीत, एवर्ट. मी पहिल्या दिवशी घालून बघितले."

मी म्हणालो, वयाने पाय सुजतात. रक्त फिरत नाही. डॉक्टरीणही म्हणाली.

तिने माझा कप उचलला. अजून अर्धा होता. "हो," म्हणाली, "डॉक्टरीण तसं म्हणाली. तू पण तसंच सांग."

बरं वाटलं. निदान तिने मला धरलं नाही.

दुकानात येऊन मागच्या खोलीचं दार लावलं. आता जे केलं ते लिहितो. बुटांच्या जिभेवर आतून आकडा शिवलेला असतो. चाकू घेतला आणि दोन्ही बुटांचा आकडा खरवडून काढला. बाहेर गिऱ्हाईक घंटी वाजवत होतं. मी बावन्न वर्षांचा आहे. चोरी करताना हात थरथरतो म्हणतात, माझा नाही थरथरला. चांगला स्वच्छ खरवडला.

२६ ऑक्टोबर, रविवार

काल शाळेतली शिक्षिका आली होती, बापाला बूट घ्यायला. बाप येतो कुठे, म्हणे तूच घेऊन ये. दलदल की डोंगर, मी विचारलं. दोन्ही, थोडं थोडं. मग मी नेहमीचं सुरू केलं, बोटं हलायला हवीत, आवळलेल्या बुटात... आणि पुढचे शब्द येईनात. ती बिचारी वाट बघत उभी. मी म्हणालो, बरं वाटत नाहीये, सोमवारी या. ती म्हणाली, "तुमच्या मामाचं ऐकलं. मनाला फार लावून घेऊ नका. म्हातारी माणसं ऐकत नाहीत."

सगळं गाव हेच म्हणतंय. म्हातारी माणसं ऐकत नाहीत. मी गावात एकालाही म्हटलं नाही की त्याने ऐकलं होतं, माझंच.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सिव्हर्ट घरी आला. बसला नाही, टोपी हातात घेऊन उभा. मला वाटलं याला कळलं. पण त्याचं वेगळंच होतं.

"हे बघ, मला हाल्वारबद्दल वाईट वाटतं. पण त्याला पाय गोठताहेत हे कळलं नाही, आणि कळलं तर त्याने खोटं सांगितलं. दोन्ही वाईट. असा माणूस भरलेली बंदूक घेऊन आपल्यात उभा राहतो. उद्या तो दलदलीत मेला तर कोण जबाबदार? तू. म्होरक्या तू आहेस."

पुढच्या बैठकीत ठराव आणायचाय त्याला. हाल्वारला टोळीतून निवृत्त करायचं, मानाने, मांसाचा वाटा घरी पोचवायचा. ठाणं मात्र नाही.

मामा अठरा वर्षांचा असताना टोळीत आला. अठ्ठावन्न शरद. त्याच्या घरात लग्नाचा फोटो नाही, पण एकोणीसशे बहात्तरच्या टोळीचा आहे.

"ठीक आहे," मी म्हणालो. "विषयपत्रिकेत घालतो." सिव्हर्ट चांगला माणूस आहे, त्याचं म्हणणं चूक नाही. त्याला जेवढं माहीत आहे तेवढ्यावर ते बरोबरच आहे. बाकीचं मला माहीत आहे.

मग मी बसून माझ्या अक्षरात लिहिलं: विषय चौथा, हाल्वार यांची निवृत्ती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डाव्या पायाची दोन बोटं काढली. मामी फोनवर एवढंच म्हणाली आणि ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

मामा घरी आला. खिडकीशी बसवलाय, पाय उशीवर. मी क्लाउडबेरीचा मुरंबा नेला. मामी बाहेर सरपण आणायला गेली ती माझं जायचं झालं तरी आली नाही.

मामाला विषय चौथा माहीत होता. सिव्हर्टने येऊन सांगितलं होतं, तोंडावर. हे मात्र त्याचं मानायला हवं.

"तुला काय वाटतं?" मामाने विचारलं. "मी ठाण्यावर उभा राहायला नालायक झालोय का?"

"मी म्होरक्या आहे, मामा. मला बाजू घेता येत नाही."

"बाजू नाही विचारत. काय वाटतं ते विचारतोय."

खोलीत आम्ही दोघंच. याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "तू सांगायला हवं होतंस, की पाय गोठताहेत."

मामाने माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. "हो," म्हणाला. "कुणीतरी सांगायला हवं होतं, हे खरं."

मी गाडीत येऊन बसलो आणि दहा मिनिटं किल्ली फिरवली नाही. वाकलेल्या, दोन बोटं गमावलेल्या म्हाताऱ्यावर मी ढकललं. मला माझी किळस आली. मुरंब्याची बरणी नेली होती म्हणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल रात्री व्हेंडेलाला सांगितलं. सगळं, आकडा खरवडला तेही. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली.

मला वाटलं चिडेल. म्हणाली, "पुढच्या शनिवारी तुझ्या मामीबरोबर चर्चच्या कॉफीला मला जायचंय. तिच्या शेजारी बसायचंय मला."

"मी काय करू?"

"मला का विचारतोस? मला बूट दिलेस तू?"

रात्रीपासून ती एक शब्द बोललेली नाही. माझं बोलणं ऐकून कान दुखणारी बायको, आता घरात चमच्याचा आवाज तेवढा.

१६ नोव्हेंबर, रविवार

बैठक दुपारी एक वाजता, सोलणीच्या शेडमध्ये. वर आकड्यांना परवाच मारलेलं वासरू टांगलेलं, खाली आम्ही बाकांवर. सगळे तेरा होतो. मामा काठी घेऊन, डाव्या पायात नमद्याचा चपलेसारखा जोडा. मामी त्याला सोडायला आली होती, ती गेली नाही, दाराशी उभी राहिली. बूट मी पिशवीत घालून नेले होते, पण ती गाडीतच ठेवली. म्हणजे ठरवलं असं काही नव्हतं. न्यायला हवेत एवढंच.

पहिले तीन विषय वाचले. कुंपण, मांसाचे वाटे, लांडग्याच्या पावलांबद्दल कुणी काय पाहिलं. मग चौथा वाचला. सिव्हर्ट उभा राहिला, नीट बोलला, मामाचा मान ठेवून बोलला. राग्ना म्हणाली, मला पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही, त्याने स्वतःच छान आहे म्हणून सांगितलं. मी विचारलं, "हाल्वार, तुम्हाला काही बोलायचंय?" बैठकीत तो मामा नसतो.

"नाही," मामा म्हणाला. "मतं घे."

मी म्हणालो, ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा. सिव्हर्टचा पहिला. मग एक एक. मी मोजत होतो, बोटाने, सवयीने. चार. पाच. सहा. तेरात सहा, म्हणजे ठराव पडतो. मी सुटलो असं वाटलं, खरंच वाटलं, लाज वाटते लिहायला पण छातीवरचा दगड हलला.

आणि मग मामाने हात वर केला. हळू, काठी मांडीवर आडवी ठेवून, कोपर सरळ करून. आपल्याच विरुद्ध. सातवा.

मी "सात" म्हणू शकलो नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मामा बघत नव्हता, तो समोरच्या भिंतीकडे बघत हात धरून बसला होता.

मी म्हणालो, "ते बूट त्रेचाळीसचे होते."

सिव्हर्ट म्हणाला, "काय?"

"मामाला चव्वेचाळीस लागतात. मला माहीत होतं. मागवायला विसरलो आणि जे होते ते बांधले. जाड मोजा जातच नव्हता, म्हणून तो सुती घालायचा. दुकानात आला होता तेव्हा मी हसण्यावारी नेलं. चव्वेचाळीस सप्टेंबरातच आले, ते अजून माझ्या मागच्या खोलीत आहेत. आणि त्या दिवशी त्याच्या पायात ते बघूनही मी त्याला दलदलीवर उभं केलं."

राग्नाने विचारलं, "वॉकीटॉकीवर पाय कसे म्हणून विचारलंस, तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं. आपण सगळे ऐकत असताना त्याने दुसरं काय सांगायचं होतं? आपण दिलेले बूट टोचतात म्हणून?"

मग मी गाडीपर्यंत गेलो आणि बूट आणले. सिव्हर्टने एक उचलला, जीभ उलटी केली. "इथे आकडा नाहीये."

"मी खरवडला. चाकूने."

सिव्हर्टने बूट बाकावर ठेवला आणि हात पँटला पुसला. मला त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, "मी माझा ठराव मागे घेतो." बसला आणि खाली बघत राहिला. त्याचा काय दोष, त्यालाही मी खोट्यात उभं केलं होतं.

मामाचा हात अजून वर होता. "मग मी हा खाली घेऊ का?" त्याने विचारलं. "खांदा भरून आला." आणि खाली घेतला. मग नमद्यातला पाय थोडा पुढे करून म्हणाला, "तसं बघितलं तर डाव्याला आता त्रेचाळीस चालेल." एक दोघं हसले, बाकीच्यांनी हसू आवरलं, राग्नाने डोळे पुसले. मामा टोळीत राहिला. ते तसं कुणी मोठ्याने म्हणालंही नाही, राग्नाने फक्त पुढच्या शनिवारच्या यादीत त्याचं नाव घातलं, ठाण्याच्या पुढे जागा मोकळी ठेवून.

माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी वॉकीटॉकीची पेटी टेबलावर ठेवली, म्हणालो, म्होरकेपण ज्याला हवं त्याने घ्या. कुणी हात लावला नाही. घेऊन जा असंही कुणी म्हणालं नाही. एकेक जण उठून गेला, माझ्या बाजूने जाताना सगळे थोडे अंग चोरून गेले.

मामाला गाडीपर्यंत मी सोडलं. त्याने माझ्या हाताला धरलं नाही, काठीने चालला. मामी पुढे जाऊन गाडीत बसली होती.

"मामा, तुला माहीत होतं," मी म्हणालो. "की आत्ता कळलं?"

"त्या संध्याकाळीच. जिभेवर लिहिलेलं असतं, मला काय वाचता येत नाही?"

"मग परत का नाही आणून दिलेस? मी बदलले असते. देवाशपथ बदलले असते."

"मोजे घ्यायला आलो तेव्हा आणले होते की," तो म्हणाला. "बाहेर गाडीत होते. म्हटलं आधी तू काही म्हणतोस का बघू."

मामा दरवाजा धरून आधी चांगला पाय आत घालून बसला, मग दुसरा पाय हातांनी उचलून आत घेतला. दार लावण्यापूर्वी म्हणाला, "बोटांचं सोड. अकरा आठवडे, एवर्ट. रोज सकाळी म्हणायचो, आज सांगेल."